निम्म्यावर आणलेलं पाणी

सकाळपासून चौथ्यांदा प्रियदर्शनीनं ईश्वरीची मूठ उघडून नखं बघितली. अडीच महिन्यांच्या पोरीची नखं ती, तांदळाच्या कणीएवढी. खिडकीशी नेली की बरी वाटत, आत आणली की जांभळट. ओठांच्या कडेलाही तीच कळा. काजळ पसरलं असेल म्हणून काजळ पुसून झालं. निळ्या दुपट्याची छाया पडत असेल म्हणून दुपटं बदलून झालं. पांढऱ्या फडक्यात पोरगी आणखीच निळी दिसायला लागली, तेव्हा तिनं खिडकी लावून घेतली आणि लगेच परत उघडली.

"झालं का तुझं?" दारात थोरली जाऊ विजयमाला उभी होती. हातातल्या ताटात हिरव्या बांगड्या, सात खण, सात सुपाऱ्या. "आईचीच नजर लागत असती लेकराला, माय. किती बघावं?"

"अक्का, तुम्हीच सांगा. निळी दिसत नाही का?"

"सावळी हाय. बापावर गेली." विजयमालानं बघून न बघितल्यासारखं केलं. "आन् रडती कावून एवढी? दूध पाज की."

दूध. कालच्या संध्याकाळपासून प्रियदर्शनीनं वरचं दूध बंद केलं होतं आणि घरात ते कुणालाच माहीत नव्हतं. बाळंतपणानंतर तिला ताप आला, अंगावरचं दूध निम्म्यानं गेलं. तेव्हापासून गोठ्यातल्या गाईचं दूध आणि तेवढंच उकळलेलं पाणी असं मिसळून ईश्वरीला बोंडल्यानं पाजत होते. बोंडलं भरायचा मान सासूबाईंचा. मुक्ताबाईंनी चांदीचं बोंडलं भरून हातात द्यायचं आणि प्रियदर्शनीनं काल-आज मिळून तीनदा ते खिडकीबाहेर कर्दळीच्या बुडात ओतलं होतं. पोरगी अर्धपोटी किरकिरत होती.

बुधवारी पाटोद्याला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी टाच टोचून रक्त घेतलं. रक्त लाल नव्हतं. तपकिरी, चॉकलेट विरघळवल्यासारखं. डॉक्टरांनी कापसाकडं दोनदा बघितलं आणि म्हणाले, हृदयाचं काही असू शकतं, सोमवारी बीडला नेऊन तपासून घ्या. घरच्यांनी 'सोमवार' तेवढा ऐकला. प्रियदर्शनीच्या डोळ्यांपुढून तो कापूस हलेना. तपकिरी रक्त कुठंतरी वाचलं होतं. काल दुपारी ट्रंकेतून बी.एस्सी.च्या वह्या काढल्या, आणि रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या वहीत तिच्याच अक्षरात ते सापडलं.

मग तिनं विजयमालाच्या कपाटातून पाणी तपासायची पेटी काढली. गावातल्या पाच बायकांना शिकवून अशी पेटी दिलेली होती. पाचांत पहिलं नाव विजयमालाचं, कारण ती थोरल्या दिराची, बजरंगची बायको, आणि गाव पाणी पितं ते बजरंगच्या बोरचं. दीड वर्षात पेटीचं सील कुणी तोडलं नव्हतं. तीन-तीन महिन्यांच्या अहवालांवर सह्या मात्र वेळेवर होत होत्या. प्रियदर्शनीनं नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, पुडी टाकली, हलवलं, घड्याळ लावून बसली. पाणी गुलाबी होत गेलं. तक्त्यावर गुलाबी रंगाचे चौकोन होते, फिक्यापासून गडदापर्यंत. पंचेचाळीसच्या पुढचं पिऊ नये. नळी शंभराच्या, शेवटच्या चौकोनाला जाऊन टेकली.

नवऱ्याला, आदिनाथला, सांगितलं तर त्यानं डोकं धरलं. "उद्याचा दिस जाऊ दे, प्रिया. आत्या येणार, भाऊच्या बोरची पूजा. मग सांगू सगळ्याला."

"तोवर पोरीला काय पाजू?"

"जार आणतो."

"जारवाला कुठून भरतो?"

जारवाला बजरंगच्याच बोरचं पाणी भरत होता, गार करून.

---

आसरांची, पाण्यातल्या सात देवींची, ओटी सव्वा महिन्यालाच भरायची असते. बाळंतिणीनं लेकरू घेऊन पाण्यावर जायचं, सात दगडांना हळदकुंकू वाहायचं, लेकराच्या ओठाला पाणी लावायचं आणि तिथंच त्याला पाजायचं. प्रियदर्शनीच्या तापात ते राहिलं आणि आजच्या शुक्रवारावर आलं. फक्त या घरच्या आसरा आता विहिरीवर नव्हत्या.

एकोणीस वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या तेव्हा ओढ्यापल्याडची विहीर सासऱ्यांच्या, सुंदररावांच्या, धाकट्या भावाच्या वाट्याला गेली. त्यानंतर बांधावरून कुऱ्हाडी निघाल्या, आणि सुंदररावांनी चावडीत सांगितलं, "त्या इहिरीचं पाणी माझ्या रांजणात येणार न्हाई." भाऊ वारला. त्याची बायको भिवराबाई तिकडं एकटी राहत होती. इकडं कितीतरी वर्षं टँकर झाले, सात बोर कोरडे गेले. आठव्याला करंगळीएवढी धार लागली. मग तीन वर्षांपूर्वी बजरंगनं बोरभोवती मोठा खड्डा घेतला, त्यात दगड, कोळसा, वाळू भरली, पावसाचं पाणी त्यात वळवून जमिनीत मुरवलं, आणि बोर भरून आला. शेजारच्या गावांतले लोक बघायला आले. बजरंगनं बोरच्या कट्ट्यावर सात नवे दगड मांडले, शेंदूर लावला.

"पर मी म्हंते," दोन्ही भावांच्या घरी जेवणारी एकटीच रतनबाई, सुंदररावांची बहीण, गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाली, "आसरा काय पाइपात ऱ्हात्यात व्हय रे बजरंग?"

"जिथं पाणी तिथं आसरा, आत्या."

"त्यांला इचारलंस का? का त्यांच्याबी सह्या करून घेतल्यास?"

हसू फुटलं. विजयमाला तेवढी हसली नाही.

सुंदरराव कट्ट्यावर बसले होते. मांडीवर गाठी मारलेली दोरी. दर अमावास्येला ते ती बोरच्या तोंडातून सोडून पाण्याची खोली घेत. "एकशेधा फुटावर व्हतं," त्यांनी बहिणीला दोरी दाखवली. "आज बासष्टावर. माझ्या लेकानं वर आणलंय."

"लई केलं," रतनबाई म्हणाली. "ए पोरी, आण लेकराला. उनं व्हायलीत."

प्रियदर्शनीनं सात खण वाहिले, सात सुपाऱ्या ठेवल्या. कुंकू शेंदरावर सांडलं. मुक्ताबाई पुढं आल्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात भरलेलं बोंडलं. पहाटे उठून, डोक्यावरून न्हाऊन, चुलीवर स्वतः केलेलं.

"आ कर गं माझी बाय," त्या नातीशी बोलल्या.

प्रियदर्शनीनं पोरीचं तोंड स्वतःच्या खांद्यात दाबलं. "आई, नका."

"काय न्हाई होत, थेंबभर."

"नका म्हणते ना!"

ती ओरडली हे तिलाही मागून कळलं. आदिनाथ मंडपाच्या खांबाकडं बघत होता.

"या पाण्यात नायट्रेट आहे," ती म्हणाली. "शेणामुताचं, खताचं जे पाण्यात विरघळून उरतं ते. दिसत नाही, वास येत नाही. तान्ह्या लेकराच्या पोटात गेलं की रक्त काळं पडतं. श्वास चालू असतो, पण अंगाला पोचत नाही. म्हणून ती निळी पडतेय. मी काल तपासलंय."

"कसलं ट्रेट?" रतनबाईनं विचारलं.

बजरंग हसला, पण त्याच्या मानेवरची शीर उभी राहिली. "तीनशे माणूस पितंय हे पाणी. कुणी निळं पडलं?"

"मोठ्यांना तसं होत नाही, भाऊजी. तान्ह्यांना होतं. गावात वरच्या दुधावरचं एवढं लहान लेकरू सध्या एकच आहे. बाकीच्या बाळंतिणी लेकरं घेऊन उसाला गेल्यात."

"आन् शेण कुठनं आलं माझ्या बोरात?"

तिनं वर बोट दाखवलं. चढावर बजरंगचा गोठा, अठरा गाया. गोठा धुतलेल्या पाण्याची नाली उतारानं येऊन, उकिरड्याला वळसा घालून, सरळ खड्ड्यात उतरत होती. थेंबही वाया जाऊ नये म्हणून बजरंगनंच ती तशी काढली होती. तीन वर्षं सगळ्यांनी त्या नालीचं कौतुक केलं होतं. तिनंही.

"खड्ड्यात वाळू हाय, कोळसा हाय. गाळून जातं ते!"

"गाळ अडतो. मिठाचं पाणी वाळूतून गाळून बघा, भाऊजी. खारटच राहतं."

"आदिनाथ," बजरंग मोठ्यानं म्हणाला, "बायकूला आत ने बे. चार माणसांत इज्जत काढायलीय." आणि मग आवाज एकदम खाली आला. "मी पाणीच आणलं ना घरात? गेवराईकडं लोकांनी वाळू इकून माड्या बांधल्या. मी नदीची मूठभर वाळू उचलली न्हाई. पाणी आणलं. माझ्याच पुतणीला मी इख पाजीन व्हय?"

प्रियदर्शनीला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. या माणसानं बारशाला पोरीच्या पायात चांदीचे वाळे स्वतः घातले होते.

"पर ऐक तरी," मुक्ताबाई मधेच म्हणाल्या. त्यांच्या हातातलं बोंडलं तसंच होतं. "तू म्हंतीस ते कच्च्या पाण्याचं आसंल. मी कच्चं देती व्हय कदी? तुझाच कागद हाय चुलीम्होरं चिकटिवलेला. इस मिनटं उकळायचं. तू इस लिव्हलंस, मी घंटाभर ठिवती."

"घंटाभर?"

"निम्म्यावर आणती. दोन तांबे ठिवले की एक तांब्या ऱ्हायला पायजे. काढा असाच करत्यात. पाणी आटतं, सत्त्व ऱ्हातं."

काल वहीतून प्रियदर्शनीला एवढंच समजलं होतं की उकळून हे जात नाही. आटवल्याचं तिला माहीतच नव्हतं. पाणी वाफ होऊन जातं आणि ते भांड्यात राहतं. दोन तांब्यांतलं सगळं एका तांब्यात. रोज पहाटे चुलीवरची ती वाफ तिनं पडल्या पडल्या बघितली होती. बघून बरं वाटलं होतं. एकदाही उठून पातेल्यात डोकावली नव्हती. कागदावरचं अक्षर तिचं होतं, गोल, सुवाच्य, खाली लाल रेघ.

"अक्का," ती विजयमालाकडं वळली, "पेटी आणता?"

"कुणी पेटीबिटी आणायची न्हाई!" बजरंग उठला. "पूजा हाय, का शाळा?"

विजयमाला नवऱ्याकडं बघत उभी राहिली. तेरा वर्षांत तिनं त्याचा शब्द चारचौघांत मोडला नव्हता. तिनं हातातलं ताट कट्ट्यावर ठेवलं, अगदी आवाज न करता.

"पेटीवर नाव माझं हाय," ती म्हणाली. "सहा येळा सही केली. 'पाणी पिण्यास योग्य.' तुमी म्हणलात कर, मी केली. पुडी कसली असती तेबी बघितलं न्हाई." आणि घराकडं निघाली. चालता चालता पदरानं नाक पुसलं.

पेटी आली. मुक्ताबाईंच्या पातेल्यातलं, आज पहाटेचं उकळलेलं पाणी आलं. प्रियदर्शनीनं ईश्वरीला आदिनाथच्या हातात दिलं आणि जमिनीवरच मांडी घातली. पुडी टाकली, झाकण लावलं, हलवलं.

"किती येळ?" रतनबाईनं विचारलं.

"पाच मिनिटं."

पाच मिनिटं लागली नाहीत. नळी शेंदराशेजारी ठेवली होती, त्यामुळं सगळ्यांना नीट दिसत होतं. आधी गुलाबी. मग जास्वंदी. मग पिकल्या जांभळाच्या रसासारखं काहीतरी, की पलीकडचं बोट दिसेना. तिनं तक्ता शेजारी धरला. त्यावर तसा रंगच नव्हता. तक्ता करणाऱ्यांनाही असं पाणी कुणी लेकराला पाजेल असं वाटलं नसावं.

मुक्ताबाईंनी हातातलं बोंडलं बघितलं. मग हळूच वाकून ते मातीत ठेवलं, दुधासकट, उभं.

"मी..." त्या म्हणाल्या.

"तुम्ही नाही, आई. मी लिहिलं होतं."

"मी आटीवलं." त्यांनी सुनेकडं बघितलं नाही.

सुंदररावांच्या मांडीवरची दोरी घसरून खाली पडली होती. म्हातारा ती उचलेना. "तीन वर्सं," तो स्वतःशीच बोलत होता, "दर अवसंला मोजलं. किती आलं ते. कसं आलं ते कोण मोजणार व्हतं?" मग मान वर करून त्यांनी विचारलं, कुणाला ते कळलं नाही, "मंग आता लेकराला पाजायचं काय?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. ओढ्यापल्याड, गोठ्याच्या वरच्या अंगाला, उकिरड्याचं पाणी जिथं पोचतच नाही तिथं, बाभळीखाली, भिवराबाईच्या विहिरीत ते होतं. रतनबाईची नजर तिकडं गेली.

मुक्ताबाईंनी पूजेची कळशी उचलली. आतलं पाणी ओतून दिलं. पदर कमरेला खोचला.

"मुक्ता." सुंदरराव म्हणाले. "मी शबूद दिलाय."

"शबूद तुमचा व्हता," मुक्ताबाई म्हणाल्या. "पाणी मी आटीवलंय." आणि ओढ्याच्या वाटेला लागल्या.

---

ओढ्यात पाणी नव्हतं, नुसते गोटे. मुक्ताबाई पुढं, प्रियदर्शनी पोरीला घेऊन मागं, तिच्या मागं गाईच्या दुधाचा तांब्या आणि पेटी घेऊन विजयमाला. आदिनाथ जीप काढायला पळाला होता. सोमवारची वाट आता बघायची नव्हती.

ईश्वरी रडायची थांबली होती, आणि ते रडण्याहून वाईट होतं. प्रियदर्शनी दर दहा पावलांनी तिच्या नाकाशी बोट धरत होती.

भिवराबाई विहिरीवरच होती. रहाटाला हात, तोंडात तंबाखू. तिनं आधी जावेला बघितलं, मग कळशीला, मग पोरीला. विहिरीच्या कठड्याशी सात जुने दगड होते, शेंदराच्या थरांनी गोल झालेले. ताजं कुंकू होतं.

"एकोणीस वर्सांनी वाट गावली व्हय, मुक्ताबाई?"

मुक्ताबाईंनी कळशी खाली ठेवली. विजयमालानं काहीतरी सांगायला सुरुवात केली, पोरगी, पाणी, डॉक्टर. भिवराबाईनं हातानं तिला थांबवलं आणि जवळ येऊन फडकं बाजूला केलं.

"ही तर निळी पडलीय गं!" ती मोठ्यानं म्हणाली.

एवढे दिवस जे वाक्य प्रियदर्शनीला घरात कुणाच्याच तोंडून मिळालं नव्हतं ते या विहिरीवर येऊन मिळालं. ती कठड्यावर बसली आणि हुंदका आला तो परत गिळला, कारण नळी धरायची होती.

"चूल पेटती हाय," भिवराबाई रहाट ओढत म्हणाली. "पातेलं ठिवा. भांडण मागून करू. मला लई दिसांचं सांगायचंय तुला, मुक्ते, पण आधी लेकरू."

"करू," मुक्ताबाई म्हणाल्या. "समदं ऐकीन."

पाणी चुलीवर गेलं. प्रियदर्शनी दारातल्या उजेडात नळी घेऊन बसली. पुडी टाकली. एक मिनिट. दोन. भिवराबाईच्याही शेतात खत पडत असेल. तीन. हेही गुलाबी झालं तर गावात तिसरं पाणी नव्हतं. विजयमाला तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिचा श्वास कानाला लागत होता. चार. पाच झाली तरी तिनं आणखी एक मिनिट जाऊ दिलं. नळी फिकी राहिली, पहिल्या चौकोनाहूनही फिकी, पांढऱ्या कागदावर धरली तर जेमतेम छटा.

"हे चालतंय?" विजयमालानं विचारलं.

"चालतंय."

"मंग नीट लिव्ह कुठंतरी. तारीख घाल. आन् त्या बोरचंबी लिव्ह, दोन्हीबी." विजयमालानं पदराला बोटं पुसली. "खाली सही मी करती. आज बघून करती."

प्रियदर्शनीनं पेटीतल्या वहीचं पान फाडलं, बीडच्या डॉक्टरांसाठी दोन्ही पाण्यांचं लिहिलं. बाहेर जीपचा आवाज आला. आदिनाथ शेजारी बसला होता, जीप बजरंगनं आणली होती. तो खाली उतरला नाही, स्टिअरिंगवर हात ठेवून ओढ्याकडं बघत बसला. गोठ्याच्या नालीवर त्यानं आत्ताच माती लोटली असावी, त्याचे हात कोपरापर्यंत भरले होते.

चुलीपाशी मुक्ताबाई उकिडव्या बसल्या होत्या. हातात कडब्याचं चिपाड. पाणी ठेवतानाच त्यांनी ते पातेल्यात उभं बुडवून, ओलं झालं तिथं नखानं खूण केली होती. आता पहिला बुडबुडा फुटल्याबरोबर त्यांनी पदरानं पातेलं उतरवलं, एवढ्या घाईनं की बोटं भाजली. चिपाड परत बुडवलं. उजेडाकडं धरून बघितलं. म्हाताऱ्या डोळ्यांना दिसेना, म्हणून ते सुनेपुढं केलं.

"बघ गं, प्रिया. नखभर कमी झालंया." त्यांचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता. "नखभर चालंल का?"

प्रियदर्शनीनं चिपाड बघितलं. मग मांडीवरच्या पोरीची मूठ उघडून, दारातल्या उन्हात धरून, तिची पाची नखं बघितली. अजून तशीच होती.

"नखभर चालतं, आई," ती म्हणाली. "द्या, गार करा. पाजू आणि निघू."